नवी गाडी घेताना भाव आणि कर्ज यांची मोट बांधू नका

पहिली गाडी घ्यायला गेलो तेव्हा सेल्समनने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, महिन्याला किती हप्ता झेपेल?" मीही मोकळ्या मनाने सांगून टाकलं, "17 हजारांच्या वर नको."

तिथेच सौदा संपला होता. मला ते कळायला दोन वर्षं लागली.

कर्ज 10 लाखांचं होतं आणि व्याज 9 टक्के. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता 20,758 येत होता, म्हणजे माझ्या आकड्याच्या बराच वर. त्याने मुदत सात वर्षं केली. हप्ता 16,089 झाला. आता 17 हजारांत नऊशेची जागा उरत होती. त्या जागेत त्याने गाडीच्या तळाचं कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि सीट कव्हर असं 55 हजारांचं सामान बसवलं. अंतिम हप्ता आला 16,974. मी खूश! सांगितलेल्या आकड्याच्या आत काम झालं होतं ना. गाडीचा भाव मात्र त्या दिवशी एका पैशाने उतरला नव्हता, कारण भावाचा विषयच निघाला नव्हता.

दुसरी गाडी घेताना मी चार महिने आधी तयारीला लागलो. त्या तयारीत जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो. एक गोष्ट मनात पक्की ठेवा: शोरूममध्ये तुम्ही एक नाही, चार व्यवहार करत असता. नव्या गाडीचा भाव, जुन्या गाडीची किंमत, कर्ज आणि वरचं सामान. एकात दिलेली सूट दुसऱ्यात वसूल करता येते, आणि 'हप्ता' हा शब्द या चारही गोष्टींवर पांघरूण घालतो.

1. शोरूमची पायरी चढण्याआधी बँकेत जा

बहुतेक लोक आधी गाडी पसंत करतात आणि मग कर्ज शोधतात. क्रम उलटा करा. दोन-तीन बँकांकडून किंवा पतसंस्थांकडून विचारून घ्या की तुम्हाला किती रक्कम, किती दराने, किती मुदतीसाठी मिळेल. शक्य असेल तर कर्जाची पूर्वमंजुरी लेखी घ्या. ती घेतली म्हणून त्याच बँकेकडून कर्ज घ्यायची सक्ती नसते, पण शोरूमवाला "आमच्याकडे एकदम कमी रेट" म्हणाला की ताडून बघायला तुमच्या खिशात एक आकडा असतो.

त्याआधी स्वतःचा पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि फेडीची नोंद असलेला क्रेडिट रिपोर्ट, मागवून वाचा. जुनं, कधीच फिटलेलं कर्ज अजून थकीत दिसतं, असे घोळ असतात आणि दुरुस्त व्हायला वेळ खातात. दहा ठिकाणी एकदम अर्ज मात्र टाकू नका. प्रत्येक अर्जागणिक चौकशीची नोंद होते आणि थोड्या दिवसांत फार नोंदी दिसल्या की तुमचं पत-गुणांकन (क्रेडिट स्कोअर) खाली येऊ शकतं. नुसती दराची विचारपूस आणि प्रत्यक्ष अर्ज यांत फरक आहे. समोरचा तुमची माहिती भरायला लागला की "हा अर्ज आहे की चौकशी?" असं स्पष्ट विचारा.

कर्जासाठी साधारण ही कागदपत्रं लागतात. एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
- नोकरी असेल तर अलीकडच्या पगाराच्या पावत्या
- स्वतःचा धंदा असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं
- बँक खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा उतारा
- चालू असलेल्या इतर कर्जांचा तपशील
- ड्रायव्हिंग लायसन्स
- जुनी गाडी देणार असाल तर तिची नोंदणी, विमा, सर्व्हिसिंगच्या नोंदी, दोन्ही चाव्या आणि तिचं कर्ज फिटल्याचं पत्र

दुसरी चावी हरवली असेल तर आधीच करून घ्या. एका चावीच्या नावाखाली जुन्या गाडीचा भाव पाडतात तो नव्या चावीच्या खर्चाहून जास्त असतो.

2. किमतीच्या कागदाची चिरफाड करा

शोरूममधून मिळणाऱ्या कागदावर सात-आठ ओळी असतात आणि तळाला एक जाडजूड बेरीज. घासाघीस करायची ती बेरजेवर नाही, ओळीओळीवर.

कर आणि नोंदणीचं शुल्क सरकार ठरवतं. तिथे डोकं लावू नका. गाडीची मूळ किंमत हा पहिला मोकळा भाग. विम्याचा हप्ता हा दुसरा: शोरूममधूनच विमा घ्यायचा असा आग्रह होतो, पण तेवढंच संरक्षण देणारी पॉलिसी बाहेर किती पडते ते बघूनच बोला. तिसरा भाग म्हणजे 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'डॉक्युमेंटेशन' अशा नावांनी घुसवलेल्या ओळी. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, "हे कशाचे?" दोन ओळींचं उत्तर सेल्समनकडे नव्हतं. त्या दोन्ही ओळी गळाल्या.

3. डीलरला सूट कुठून परवडते ते समजून घ्या

लोक डीलरच्या नफ्याचा अंदाज बांधत बसतात. त्याहून उपयोगी प्रश्न असा की ही ठरावीक गाडी त्याला किती दिवस सांभाळावी लागली आहे?

डीलर शोरूममधल्या गाड्या बहुतेक वेळा कर्ज काढून ठेवतो. गाडी उभी राहिली की तिच्यावर रोजचं व्याज चढत जातं. म्हणून चार महिने पडून असलेल्या गाडीवर जी सूट मिळते ती काल उतरलेल्या गाडीवर मिळत नाही. नवीन वर्ष लागलं की मागच्या वर्षाच्या उत्पादनाची किंमत कागदावर आणखी घसरते. नवं रूप बाजारात येणार असेल तर जुनं रूप खपवायची घाई असते. त्यात भर म्हणून कंपनी डीलरला विक्रीच्या लक्ष्यावर बक्षीस देते. लक्ष्याला दोन गाड्या कमी पडत असतील तर तो तुमच्या गाडीवर तोटा सोसूनही विकेल, कारण ते बक्षीस सगळ्या गाड्यांवर मिळतं.

'महिनाअखेरीला जा' हा सल्ला यातूनच आलेला आहे. तो खोटा नाही, पण लक्ष्य आधीच पूर्ण झालं असेल तर 30 तारखेला तुम्हाला कोणी विचारतही नाही. गाडीचं वय जास्त भरवशाचं.

ज्या मॉडेलसाठी प्रतीक्षायादी आहे तिथे भाव उतरण्याची आशा सोडा. तिथे उलट 'लवकर देतो' म्हणून वरचं सामान गळ्यात बांधलं जातं. तेवढं टाळलंत तरी खूप.

जुन्या उत्पादनाची गाडी घेणं वाईट नाही, फक्त ती जुनी आहे हे माहीत असून आणि त्याची सूट घेऊन घ्या. पुढे विकताना उत्पादनाचं वर्ष विचारलं जातं.

4. तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या

आधी गाडी पक्की करा: मॉडेल, व्हेरिएंट, गिअरबॉक्स, रंग. टेस्ट ड्राइव्ह घ्या, पण त्या दिवशी पैशाचं बोलू नका. नव्या सीटवर बसून आल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, निदान माझं तरी नसतं.

मग घरी बसून निदान तीन डीलरांना सारखाच निरोप पाठवा. माझा असा होता:

"अमुक मॉडेल, अमुक व्हेरिएंट, पांढरा किंवा राखाडी रंग. येत्या 15 दिवसांत घ्यायची आहे. उत्पादनाचा महिना-वर्ष, मूळ किंमत, तुमची सूट, कर, नोंदणी, विमा आणि इतर सर्व खर्च वेगवेगळे लिहून एकूण रक्कम कळवा. अ‍ॅक्सेसरीज नकोत. आणखी दोन ठिकाणी विचारतो आहे."

तिघांपैकी एकाने "शोरूमला या, बसून बोलू" एवढंच कळवलं. त्याला यादीतून काढलं. उरलेल्या दोघांत सर्वांत कमी भावाचा कागद दुसऱ्याला दाखवला आणि विचारलं, "याच्या खाली येता येईल का?" एवढीच माझी घासाघीस. आवाज चढवावा लागला नाही की उठून जायचं नाटकही करावं लागलं नाही.

लेखी भावाचा आणखी एक फायदा आहे. इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने 1991 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने शिकागो परिसरातल्या डीलरांकडे असे ग्राहक पाठवले होते ज्यांना घासाघिशीचं एकच ठरीव बोलणं शिकवलेलं होतं. बोलणं तेच, तरी गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव मिळाला. गोऱ्या स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना जास्त सांगितला गेला. समोरचा माणूस बघून भाव ठरत असेल, तर पहिला भाव माणूस न दाखवता मागवणं शहाणपणाचं.

5. समोरासमोर बसल्यावर

शेवटी शोरूममध्ये जावंच लागतं. तिथे ऐकू येणारी वाक्यं आणि त्यांवर मी काय केलं ते सांगतो.

"महिन्याला किती जमेल?" यावर माझं ठरलेलं उत्तर: "हप्त्याचं मी बघतो, आपण गाडीच्या एकूण किमतीवर बोलू." तीनदा विचारलं तर तीनदा हेच.

"रोख देणार की कर्ज?" डीलरला कर्ज मिळवून देण्याचं कमिशन मिळतं. तुम्ही पहिल्याच मिनिटाला "रोख" किंवा "माझं कर्ज तयार आहे" म्हणालात तर त्या कमिशनची आशा संपते आणि भाव ताठ होतो. "अजून ठरवलं नाही, तुमचा दर चांगला असेल तर तुमच्याकडून घेऊ" असं म्हणा. यात खोटं काही नाही. दर खरंच चांगला असेल तर घ्यायचाच आहे.

"मॅनेजरला विचारून येतो." तो पंधरा मिनिटं जातो, तुम्ही चहा पिता, घड्याळ बघता आणि हळूहळू वाटायला लागतं की एवढा वेळ घालवलाय तर आता उरकून टाकू. वेळ घालवणं हाच त्यातला डाव असतो. जाताना फोनवर वाचायला काहीतरी न्या.

"ही ऑफर आजच्या दिवसापुरती." असेलही. कंपनीच्या योजना महिन्याच्या मुदतीच्या असतात हे खरं. पण योजना कंपनीची आहे की डीलरची हे विचारा. कंपनीची असेल तर ती तुम्हाला दुसऱ्या डीलरकडेही मिळेल.

बुकिंगची रक्कम देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: ठरलेली एकूण किंमत, उत्पादनाचं वर्ष, गाडी देण्याची तारीख, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा तारीख चुकली तर रक्कम परत. तोंडी "मिळेल हो परत" याला काही अर्थ नाही.

सेल्समनशी मात्र नीट वागा. त्याच्या हातात फार काही नसतं, भाव मॅनेजर ठरवतो. आणि गाडी आल्यावर नोंदणीच्या कागदांसाठी त्यालाच फोन करायचा आहे.

6. जुनी गाडी वेगळी ठेवा

नव्या गाडीचा भाव लेखी मिळेपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नका. तोवर तिची किंमत दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून काढून ठेवा.

'एक्सचेंज बोनस' ऐकायला गोड लागतो. होतं असं की जुन्या गाडीला 30 हजार जास्त देतात आणि नव्या गाडीवरची सूट 40 हजारांनी कमी करतात. यावर एकच उपाय आहे: नव्या गाडीची एकूण किंमत वजा जुन्या गाडीचे मिळणारे पैसे, म्हणजे खिशातून जाणारा फरक काढा. बाहेर विकून येणारा फरक आणि एक्सचेंजचा फरक शेजारी लिहा. लहान असेल तो घ्या. बाहेर विकायची धावपळ नको म्हणून थोडे पैसे सोडायला हरकत नाही, पण किती सोडतोय ते कळलं पाहिजे.

7. कर्ज: इथे पाय सर्वांत जास्त घसरतो

फ्लॅट दर. कोणी 7 टक्के सांगितले की आधी विचारा, "फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" फ्लॅट दरात पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज लागतं, तुम्ही निम्मं कर्ज फेडलेलं असलं तरी. 10 लाखांवर 7 टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं व्याज साडेतीन लाख आणि हप्ता 22,500. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज लावलं तर, हाच हप्ता यायला दर साडेबारा टक्के लागतो. म्हणजे बँकेचे 9 टक्के शोरूमच्या '7 टक्क्यां'पेक्षा कितीतरी स्वस्त.

मुदत. 10 लाख, घटत्या शिलकीवर 9 टक्के:

- 3 वर्षं: हप्ता 31,800, एकूण व्याज सुमारे 1 लाख 45 हजार
- 5 वर्षं: हप्ता 20,758, एकूण व्याज सुमारे 2 लाख 45 हजार
- 7 वर्षं: हप्ता 16,089, एकूण व्याज सुमारे 3 लाख 51 हजार

सात वर्षांच्या कर्जात व्याजापेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. पहिली दोन वर्षं हप्ते भरले की तुमच्या खिशातून 3 लाख 86 हजार गेलेले असतात, पण मुद्दल कमी होतं फक्त सव्वादोन लाखांनी. बाकी राहतात 7 लाख 75 हजार. गाडीची किंमत मात्र सुरुवातीच्याच वर्षांत सर्वांत वेगाने पडते. त्यामुळे गाडी विकावी लागली तर आलेल्या पैशांत कर्ज फिटत नाही, वरून भरावे लागतात. चोरी किंवा मोठा अपघात झाला तर विमा कंपनीसुद्धा साधारणपणे पॉलिसीत धरलेली, गाडीच्या वयानुसार घटलेली किंमत देते, तुमची कर्जबाकी नाही. म्हणून डाउन पेमेंट जास्त आणि मुदत कमी. 20 टक्के डाउन पेमेंट, 4 वर्षं मुदत आणि गाडीवरचा खर्च उत्पन्नाच्या 10 टक्क्यांत, असा एक ठोकताळा सांगतात. मला तो सगळाच्या सगळा पाळता आला नाही, पण त्याच्या किती दूर जातोय हे बघायला तो बरा पडला.

'शून्य टक्के व्याज'. याला थेट नाही म्हणू नका, गणित करा. बहुतेक वेळा अट अशी असते की शून्य टक्के घेतलंत तर रोख सूट नाही. समजा गाडी 10 लाखांची आणि सोडावी लागणारी सूट 60 हजार. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात 9 लाख 40 हजारांचं कर्ज घेऊन 10 लाख फेडताय. तीन वर्षांत फेडायचं असेल तर त्याचा खरा दर पडतो जेमतेम 4 टक्के. 9 टक्क्यांच्या बँकेपेक्षा स्वस्त, तर घ्या. पण हीच योजना एका वर्षाची असेल तर खरा दर साडेअकरा टक्क्यांवर जातो. मग सूट घ्या आणि कर्ज बँकेचं. मला स्वतःला हे उलट वाटायचं, की कमी मुदत म्हणजे कमी व्याज.

कर्जात गुंडाळलेलं सामान. कोटिंग, वाढीव वॉरंटी, काचांचं संरक्षण, कर्जाचा विमा. यातलं काही हवं असेल तर रोख घ्या आणि शोरूमबाहेर भाव विचारून घ्या. माझं ते 55 हजारांचं सामान सात वर्षांच्या हप्त्यांत 74 हजारांना पडलं. सीट कव्हर तर तिसऱ्या वर्षी फाटलं, त्याचे हप्ते पुढची चार वर्षं चालू होते.

बारीक अक्षरं. दोन प्रस्तावांची तुलना करताना रक्कम आणि मुदत दोन्हीकडे तीच ठेवा आणि हे विचारा: प्रोसेसिंग फी किती, मुदतपूर्व फेडीला दंड किती, मधे थोडी रक्कम भरता येते का, दर स्थिर की बदलता, पहिला हप्ता आगाऊ कापणार का, शेवटी एकरकमी मोठा हप्ता आहे का. शेवटचा मोठा हप्ता ठेवला की आधीचे हप्ते लहान दिसतात आणि मुदतीच्या टोकाला खड्डा वाट बघत असतो.

डीलरने "आमचं कर्ज घेतलं तरच ही सूट" म्हटलं आणि मुदतपूर्व फेडीला दंड नसेल किंवा नगण्य असेल, तर त्याचं कर्ज घेऊन सूट पदरात पाडा आणि काही महिन्यांनी फेडून मोकळे व्हा. किती महिन्यांनंतर फेडता येतं हे करारात वाचून मगच.

8. सह्या

कोऱ्या जागा असलेल्या अर्जावर सही करू नका. "आम्ही नंतर भरतो, तुम्ही फक्त सही करा" हे वाक्य मी दोन्ही वेळा ऐकलं. दुसऱ्या वेळी मी बसून स्वतः भरलं, चाळीस मिनिटं गेली. करारातली रक्कम, दर, मुदत आणि हप्त्यांची संख्या ठरलेल्याशी ताडून बघा. कर्ज अंतिम मंजूर होण्याआधी गाडी घरी नेऊ नका. नंतर दर बदलल्याचा फोन आला तर गाडी दारात उभी असल्याने तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

9. गाडी ताब्यात घेण्याआधी

शक्य असेल तिथे ही तपासणी नोंदणीआधी करा, कारण गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की बदलून मागणं अवघड. दिवसाउजेडी जा. 17 अक्षरांकांचा चेसिस नंबर कागदावरच्याशी जुळतो का ते बघा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधी नसतात. पावतीवर 'ओ' दिसला तर तो शून्याच्या जागी चुकून पडलेला आहे, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 'अगदी नवी' आणि टायर वर्षभर जुने असतील तर प्रश्न विचारा. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा साधारण जवळच्या हव्यात. मीटरवरचं अंतर, रंगातला फरक, दारांच्या फटी, एसी, सगळे दिवे, जॅक आणि दुसरी चावी बघून घ्या. काही खटकलं तर फोटो काढा आणि दुरुस्तीचं लेखी आश्वासन मिळाल्यावरच पोचपावतीवर सही करा.

10. शेवटचा हप्ता भरल्यावर

कर्ज फिटलं की बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि नोंदणीच्या कागदावरची बँकेची तारण-नोंद काढून घ्या. विम्याच्या पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं, तेही कमी करा. माझ्या पहिल्या गाडीचं हे काम तसंच राहिलं होतं. गाडी विकायच्या दिवशी गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं, आणि मी बँकेत सात वर्षांपूर्वीचा कर्ज-क्रमांक शोधत होतो.